उत्तर चुकलं की सूची चुकली?
(तालुका मेळाव्यातील मनोगत)

तायांनो, आपल्या लेकी आठवीत एनएमएमएसची परीक्षा देतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यात बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न असतात. पेपरानंतर लेक म्हणते, "आई, उत्तरसूचीच चुकली!" तेव्हा काय करायचं?

नमुना बघा. रांगेत शांता डावीकडून १२वी, उजवीकडून ९वी. एकूण किती जणी? लेकीचं उत्तर २१, सूचीत २०. सूची बरोबर आहे. शांता दोनदा मोजली गेली.

दुसरा बघा. सर्व शेतकरी कष्टाळू आहेत. काही कष्टाळू माणसं बाया आहेत. म्हणून काही शेतकरी बाया आहेत का? सूची म्हणते, निष्कर्ष निघत नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्ही कपाशी वेचतो, सोयाबीन सोंगतो ते काय? तुमचं खरंच आहे. पण या दोन वाक्यांतल्या बाया शिक्षिकाही असू शकतात. परीक्षा फक्त दिलेल्या वाक्यांपुरतं विचारते.

आणि सूची खरंच चुकली असेल तर? परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते, हरकतीला मुदत देते. कारण लिहून काढा, मुदतीत मुख्याध्यापकांना भेटा. पण "तुला येतच नाही" असं लेकीला म्हणण्याआधी तिच्याजवळ बसून प्रश्न पुन्हा वाचा.