आधी तपासणी, मग अंथरूण

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून जन्मलेली ही ‘टेस्ट ट्यूब बेबी’ देशभर बातमीचा विषय झाली होती. आज उज्जैनची जोडपी पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरला जाऊन तोच उपचार, म्हणजे आयव्हीएफ, करून येतात. पैसा, इंजेक्शनं, चकरा यांतून एकदाचे दिवस राहतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात कपड्याला डाग लागतो. मग घरात दोन गोष्टी होतात. सुनेला पलंगावर आडवं करून पायाखाली उशा सरकवतात, आणि जिना चढलीस का, बादली उचललीस का, पपई खाल्लीस का, अशी उलटतपासणी सुरू होते. माझं म्हणणं असं, की या दोन्हींनी गर्भ वाचत नाही. उपयोग होतो तो वेळेवर केलेल्या तपासणीचा.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एका गरोदर बाईच्या अंगावरून थोडंफार रक्त जातं. आयव्हीएफनंतर हे प्रमाण जास्तच असतं. पुष्कळदा कारण साधं निघतं. आतून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी गर्भाशयाचं तोंड हुळहुळं होतं, गर्भाच्या आवरणाशेजारी रक्त साकळतं, किंवा दोन भ्रूण सोडलेले असतील तर त्यातला एक रुजून पुढे वाढत नाही. गर्भ खरोखरच पडतो तेव्हाही जवळपास निम्म्या वेळा दोष गुणसूत्रांत असतो, आणि तो बहुधा भ्रूण प्रयोगशाळेतल्या बशीत होता तेव्हापासूनचा. जिन्याचा किंवा बादलीचा त्याच्याशी संबंध नाही.

कोणी म्हणेल, असेना, पण पडून राहिल्याने बिघडतं काय? बिघडतं. बेडरेस्टने गर्भपात टळतो का, याचा कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात शोध घेतला गेला. टळतो असा पुरावा मिळाला नाही. उलट गरोदरपणात, त्यातून आयव्हीएफनंतर, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेलाच असतो, आणि दिवसचे दिवस अंथरुणात काढल्याने त्यात भर पडते. शिवाय एवढं करूनही गर्भ गेला, की ‘नीट पडून राहिली नाही’ हा ठपका तयारच. थकवा असेल तर जरूर विश्रांती घ्यावी. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, तर कशासाठी ते विचारून घ्यावं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे रक्त दिसताच ‘आता काय उरलं’ म्हणून गोळ्या थांबवणं. गोठवलेला भ्रूण हार्मोनच्या गोळ्यांवर तयार केलेल्या गर्भाशयात सोडला असेल, तर त्या महिन्यात अंडाशयातून बीज बाहेर पडलेलं नसतं, त्यामुळे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास नसतंच. वार कामाला लागेपर्यंत गर्भाचा आधार त्या औषधाचाच. पण म्हणून प्रत्येकीला जास्तीचं प्रोजेस्टेरॉन द्यावं, असंही नाही. ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांत, सुरुवातीलाच रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के स्त्रियांना मूल झालं. हा फरक निर्णायक नव्हता. आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत मात्र ७२ विरुद्ध ५७ असं अंतर दिसलं. म्हणजे आधीचा इतिहास पाहूनच औषध ठरतं. शेजारणीला दिलेलं इंजेक्शन आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. गर्भ जायचाच असेल तर दवाखाना गाठून उपयोग काय? याचं उत्तर आयव्हीएफच्या इतिहासातच आहे. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन १९७८ मध्ये जन्मली, पण त्याआधी तिच्या जन्मामागच्याच स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी १९७६ मध्ये नोंदवलेला आयव्हीएफचा गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला होता. भ्रूण गर्भाशयात सोडूनही तो नळीत सरकू शकतो, आणि नळी फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. एका बाजूला पोटात कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, घेरी येणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, यांतलं काहीही झालं तर इंदूरच्या डॉक्टरांना फोन लागेपर्यंत थांबू नये. १०८ला फोन करून उज्जैनमध्येच चरक रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. श्रावणी सोमवारी महाकालाच्या सवारीने जुन्या शहरातले रस्ते अडतात, तेव्हा दुसरी वाट आधीच ठरवून ठेवावी. भ्रूण सोडल्याची तारीख, चालू औषधं आणि रक्तगट एका कागदावर लिहून सोबत न्यावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसं आवर्जून सांगावं.

नुसतेच डाग असतील, तरी दुसऱ्या दिवशी तपासणी व्हावी. सोनोग्राफीत ठोके दिसले तर बहुतेक गर्भ पुढे टिकतात. दिवस कमी भरले असतील तर आठवड्याने पुन्हा पाहावं लागतं. तेवढी कळ सोसावीच लागते. आणि गर्भ गेलाच, तर यात तुझी काही चूक नाही, हे सासूने स्वतःच्या तोंडाने सुनेला सांगावं. डॉक्टरांनी सांगितलेलं घरच्यांच्या कुजबुजीपुढे फार काळ टिकत नाही.