गाठ चरबीची की नसेची?

हाताला न दुखणारी गाठ आली की ती चरबीचीच, पाच मिनिटांत काढून टाकू, असं सहज म्हटलं जातं. क्वचित ती श्वानोमा असते, म्हणजे मज्जातंतूला आवरण घालणाऱ्या श्वान पेशींची, बहुतेकदा कर्करोग नसलेली गाठ. ती आडवी हलते, मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेनं हलत नाही. टिचकी मारली तर बोटांपर्यंत मुंग्या जातात. या दोन साध्या खुणा दिसल्या की सुरीआधी एमआरआय हवाच. श्वानोमा तंतूंना बाजूला सारत वाढतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली, काम करणारे तंतू विद्युत-उत्तेजकानं शोधून, आवरणाला उभा छेद दिला की शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ बहुधा सुटी होते. चरबी समजून कापली, तर हाताची पकडच जाऊ शकते. (न्यूरोफायब्रोमा या मज्जातंतूच्याच दुसऱ्या प्रकारच्या गाठीत तंतू गाठीतूनच जातात, तिथे काम अवघड.)

एमआरआयपेक्षा सुईनं तुकडा काढून तपासणं स्वस्त नाही का? असेल, पण सुई त्याच तंतूंत शिरून वेदना मागे ठेवू शकते. गाठ भराभर वाढत असेल, स्वस्थ बसल्यावरही ठणकत असेल, तर मात्र ती तपासणी टाळू नये. आणि निरुपद्रवी गाठ काढायचीच कशाला, हा प्रश्न रास्तच आहे: लहान, त्रास न देणारी गाठ अधूनमधून एमआरआय करून नुसती नजरेखाली ठेवता येते.