गोळीचा वास आणि आपलं ऊन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाची पुण्याहून आली आणि येताच तिनं माझ्या मनगटावर एका बाटलीतून फवारा मारला. "मावशी, कशाचा वास येतो सांग बरं?"

आधी सावद्याची केळीची वखार आठवली, आणि लगेच मागोमाग लहानपणी मुठीत चिकट झालेली रावळगावची गोळी. धुळ्याहून मालेगावकडे गेलं की ते रावळगाव. वालचंद हिराचंदांनी तिथं साखर कारखाना काढला, आणि 1942 पासून त्याच साखरेच्या गावातून गोळ्या निघू लागल्या. त्यातल्या 'मँगो मूड' गोळीचा कागद उलगडला की गोळी जिभेवर पडायच्या आधी आंबा नाकात शिरायचा.

भाचीच्या बाटलीतलं केळं म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन. पिकत्या केळ्यात ते आपसूक तयार होतं आणि गोळीत, अत्तरात घालतात तेही तेच. म्हणून त्याला नकली म्हणून नाक मुरडू नये. खऱ्या केळ्यात त्याच्या सोबतीला आणखी बरेच वास असतात, एवढाच फरक. बाटलीतला साखरेचा वास येतो तो एथिल माल्टॉलमुळे. जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखा. 1992 साली पॅरिसच्या 'एंजल' या अत्तरात तो भरपूर वापरला गेला, आणि मिठाईच्या वासाची अत्तरं जगभर पसरली.

पण आपलं जळगाव-धुळ्याकडचं ऊन वेगळं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. फळांचे वास हलके, ते भराभर उडतात. मागं उरते ती साखर आणि व्हॅनिला. भरलेल्या एसटीत तोच गोडवा डोकं उठवतो. म्हणून मुलींनो, एकच फवारा, तोही उन्हं कलल्यावर आणि सुती ओढणीच्या काठावर मारा. लिंबूवर्गीय तेलाचं अत्तर असेल तर उघड्या कातडीला लावून उन्हात जाऊ नका; काही तेलांनी कातडी भाजून काळे डाग पडतात. बाटली खिडकीत ठेवू नका.

आणि केळ्याच्या वासाचं अत्तर लावून मधाच्या पोळ्याजवळ तर मुळीच फिरकू नका. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना धोका कळवणाऱ्या तिच्या वासात मुख्य असतं ते हेच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट!

जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीचा गोडवा आणि माठातल्या वाळ्याचा गारवा एकत्र आणणारं अत्तर आपल्याच मातीत कुणीतरी करावं, असं मला मनापासून वाटतं. वाळा सावकाश उडतो. केळं निघून गेल्यावरही तो कपड्यात रेंगाळेल, आणि उन्हात जड वाटणार नाही.

त्या संध्याकाळी अंगणात सडा टाकला होता. भाची निंबाच्या झोक्यावर बसली, ओढणीच्या काठावर एक फवारा मारून. झोका माझ्याकडे आला की केळं यायचं. लांब गेला की नुसती ओली माती.