डोक्याची इजा, अपस्मार आणि औषधाचा नियम



होटगी रस्त्यावर दुचाकी घसरते, डोक्याला मार बसतो. जखम भरते, तरुण पुन्हा दुकानी बसू लागतो. आणि काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, त्याला अचानक फेफरे येते. हा दैवी कोप नव्हे. मेंदूवरील व्रणाभोवतीच्या पेशींत विद्युतसंदेशांचा होणारा तो उद्रेक होय.

दुखापतीनंतरच्या पहिल्या सात दिवसांतील झटके आणि पुढचे झटके यांत वैद्यकशास्त्र भेद करते. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेनिटॉइनने पहिल्या आठवड्यातील झटके कमी झाले. पुढील अपस्मार मात्र टळला नाही. म्हणून गंभीर इजेत प्रतिबंधक औषध बहुधा सातच दिवस देतात. त्यानंतर झटका आल्यास तो पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो. तेव्हा एमआरआय, ईईजी करून नियमित उपचार सुरू होतात. औषधांनी झटके न थांबल्यास निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचाही लाभ होतो.

गोळी एकाएकी बंद केल्यास झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतू शकते. पर्युषणातील उपवास, चौविहार, रात्रीचे जागरण यांत गोळी चुकते, झोप मोडते. व्रत घेण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना विचारावे. काही औषधांच्या वेळा बदलता येतात. जेथे ते शक्य नाही, तेथे औषध सोडू नये. पच्चक्खाणातही समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे.

झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा, चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

राहिला प्रश्न विवाहाचा. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरवले होते. १९९९ मध्ये ती अट वगळण्यात आली. कायद्याने काढलेला कलंक समाजाने मनात का जपावा? आजार लपवल्याने गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि लपवलेली गोळी हमखास चुकते. दोन्ही घरांनी आजार मोकळेपणाने बोलून घ्यावा. औषधाचा नियम पाळणारे अनेक रुग्ण शिक्षण, व्यापार आणि संसार उत्तम करतात.

शिरस्त्राण घालणे ही स्वतःच्या जीवाप्रती अहिंसा, आणि रुग्णाला जवळ करणे ही समाजाची करुणा होय.

जय जिनेंद्र!