यकृताच्या कर्करोगावरची गोळी

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा माणूस. पण गावी गेलो की औषधाच्या चिठ्ठ्या आम्हां मास्तर लोकांपुढे यायच्याच. अशाच एका चिठ्ठीवर सोराफेनिब हे नाव होते. ती आणणाऱ्या मुलाचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता. "सर, बापासाठी दोन एकर विकू का?"

नेहमीची केमोथेरपी भरभर वाढणाऱ्या पेशींवर सरसकट घाव घालते. यकृताच्या कर्करोगावर तिचा फारसा उपयोग होत नाही. सोराफेनिबची रीत निराळी. गाठ वाढायची तर तिला रक्त हवे; त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. रात्री पाट फोडून पाणी आपल्या वावरात वळवणारे लोक तुम्ही पाहिले असतीलच! ही गोळी ते फोडलेले तोंड बुजवू पाहते. शिवाय पेशीच्या आत 'वाढ, वाढ' असा जो निरोप जातो, तोही वाटेतच अडवते.

मग रोग बरा होतो का? नाही. २००८ साली ६०२ रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाविना नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी निम्मे रोगी आठ महिन्यांच्या आत गेले. सोराफेनिब घेणाऱ्यांत ही मुदत पावणेअकरा महिन्यांच्या आसपास आली. म्हणजे मिळाले ते तीनेक महिने. तेही, बहुतेकांचे यकृत बऱ्यापैकी काम करीत असताना. वर तळहात-तळपाय सोलवटणे, जुलाब, थकवा हे आलेच.

किमतीची कथा आपल्या मुंबईत घडली. बायर कंपनीच्या महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना दिला, आणि तेच औषध ८,८८० रुपयांत देण्याचे बंधन घातले. असा परवाना देशात पहिलाच. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण परवाना टिकला. माझ्या मते आपल्या कायद्याने केलेले हे मोठे काम.

२०२० साली शिरेतून द्यायच्या दोन औषधांची जोडी सोराफेनिबहून सरस ठरली. वर्षभर जगणारे शंभरांत पंचावन्नांवरून सदुसष्टांवर गेले. पण ती महाग आहे, आणि रोग समूळ तीही सहसा काढीत नाही.

शिक्षकबंधूंनो, या रोगाचे एक मोठे मूळ म्हणजे हिपॅटायटिस बी ही कावीळ. तिची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची असते. बुरशी लागलेले शेंगदाणेही यकृताचे वैरी. ते निवडून फेकावेत, कुटात ढकलू नयेत.

त्या मुलाला मी म्हटले, "बाबा, यकृत किती शाबूत आहे ते आधी डॉक्टरांना विचार. मग रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठ, सरकारी योजनेत काय बसते ते पाहा. जमिनीचे त्यानंतर बोलू." यकृत फार खालावले होते. डॉक्टरांनी गोळी दिलीच नाही. दुखणे शमवणारी औषधे दिली. बाप घरीच राहिला, आणि पोळ्याला बैलांची शिंगे त्यानेच बसल्या जागेवरून रंगवली.