वीटभट्टीवरची प्रश्नावली

(महिला संघाच्या सभेतील भाषण)



मला बोलायला सांगितलं आहे आदिवासी सेवाकार्याबद्दल, आणि मी सांगणार आहे नर्सिंगच्या मुलींच्या अभ्यासाबद्दल. चाकणपलीकडच्या वीटभट्ट्यांवर या दोन्हींची गाठ पडते.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. त्यात प्रत्येकीला एक संशोधन-प्रबंध लिहावा लागतो. पिंपरीकडच्या अशा काही मुलींना वस्तीवर नेण्याचं आणि त्याआधी माणसांना प्रश्न कसे विचारायचे हे शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं. आकडेमोड त्यांच्या मॅडम शिकवतात. मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली बाई. 'पी व्हॅल्यू' मला विचारू नका!

मुलींना प्रबंधासाठी साठ बायका हव्या असतात. सकाळी अकराला रस्त्यालगतच्या झोपड्यांत त्या पटापट मिळतात. पण अकराला घरी कोण असतं? म्हातारी, बाळंतीण, तापाने पडलेली. धडधाकट कातकरी बाई तेव्हा माती कालवत असते, आणि तिचा खोकला कुणाच्याच कागदावर येत नाही. म्हणून आम्ही आधी झोपड्या मोजतो, नंबर टाकतो, चिठ्ठ्या काढतो आणि ज्या घराची चिठ्ठी निघेल तिथे दिवेलागणीला जातो. चाकणच्या ट्रॅफिकमधून परतायला रात्र होते. वसतिगृहाच्या बाई रागावतात, तेही मी ऐकून घेते.

घरोघरी जाण्याने काय होतं ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. नुसतं दवाखान्याचं रजिस्टर चाळून हे कळलं नसतं. पुढे त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्यूदर तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हा अभ्यास आहे.

वयाचं आणखी वेगळंच. जन्मतारीख कुणाकडे नसते. मग विचारायचं, "माळीण गाडलं तेव्हा तू केवढी होतीस?" शेजारच्या आंबेगाव तालुक्यातली ती दरड ३० जुलै २०१४ ला कोसळली, इकडे कोण विसरणार? तान्ह्यासाठी विचारायचं, दिवाळीनंतर भट्टीवर आलात तेव्हा बाळ पोटात होतं की कडेवर? सहा महिन्यांची चूक झाली तर कुपोषित मूल कागदावर गुटगुटीत ठरतं.

पण माझा जीव अडकतो तो संमतीच्या कागदावर. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तर तटस्थ साक्षीदार लागतो. एका भट्टीवर मुकादम स्वतःच पुढे झाला, "मी करतो सही, सगळ्या हो म्हणतील." म्हणणारच! उचल त्याच्याकडून घेतलेली, ती फिटेपर्यंत मुक्काम त्याच्याच शब्दावर. मी मुलींना वह्या मिटायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी, तो नसताना पुन्हा विचारलं. आदल्या दिवशी मान डोलावलेल्या तिघी सरळ नाही म्हणाल्या. एक विद्यार्थिनी हिरमुसली, "माझा नमुना कमी पडला." मी म्हटलं, नकारही लिही, तोही त्यांनी दिलेला जबाब आहे.

आणखी एक अट मी घालते. प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी निष्कर्ष वस्तीवर तोंडी सांगायचे. ज्या बाईचं रक्त कमी निघालं तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचं. परीक्षेत याला गुण नाहीत, म्हणून काहींना ते जड जातं.

इथेच तुमची मदत हवी आहे. कातकरी किंवा ठाकरी बोली कळणाऱ्या दोन-तीन भगिनी, साक्षीदार म्हणून, भट्टीमालकाशी देणंघेणं नसलेल्या. आणि रात्री मुलींना पिंपरीला सोडायला एखादी गाडी. पावसाआधी भट्ट्या बंद होतात आणि ही कुटुंबं पांगतात, तेव्हा नावं आजच सभेनंतर माझ्याकडे द्या.