दहा ऑक्टोबर, आणि नंतरचे दिवस

जागतिक मानसिक आरोग्य दिन 10 ऑक्टोबरला, 1992 पासून पाळला जातो. 30 मार्चला, चित्रकार व्हॅन गॉगच्या जन्मदिनी, बायपोलर दिन; 24 मेला स्किझोफ्रेनिया दिन; 10 सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन. त्या-त्या दिवशी फलक लागतात, भाषणं होतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सामसूम!

2022 च्या 10 ऑक्टोबरने मात्र कामाची गोष्ट मागे ठेवली: केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा. 14416 हा नंबर फिरवायचा. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं. आता घाटकोपरच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, सासू टीव्ही पाहतेय, मुलगा अभ्यासाला बसलाय, तिथे मनातलं बोलायचं कसं? गच्चीवर जा, जिन्यात उभे राहा. फोनवर तेवढी सोय आहे. गरज असेल तर समुपदेशक पुढे मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात.

आणखी एक. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतात, आणि तिला शिक्षा करत नाहीत. म्हणून पोलिसांच्या धास्तीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. आणि 14416 हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.